रस्ता न फोडता ड्रेनेज टाकायचंय? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या सोसायटीसमोरचा रस्ता नुकताच काँक्रीटचा झालाय, फोडायला परवानगी मिळत नाही. पलीकडचा चेंबर 40 मीटरवर आहे, आमच्या चेंबरपेक्षा त्याचा तळ 55 सेंमी खाली. ठेकेदार म्हणतो एचडीडी मशीनने (रस्ता न खोदता जमिनीखालून आडवं भोक पाडणारं मशीन) खालून 160 मिमीचा पाइप ओढून देतो, दोन दिवसांचं काम. करावं का?
– एका सोसायटीचे सेक्रेटरी, पिंपरी-चिंचवड

उत्तर : पाइप पलीकडे जाईल, त्यात शंका नाही. पण गॅसचा पाइप किंवा केबल वाकडीतिकडी गेली तरी चालते, पाण्याच्या लाइनला प्रेशर असतं, ड्रेनेजला फक्त ढाळ असतो आणि तो मध्येच उलटा झाला की तिथे मैला बसणार म्हणजे बसणारच.

आता हिशोब बघा. 40 मीटरला 55 सेंमी म्हणजे साधारण 1:73, ढाळ चांगलाय. पण ड्रिलच्या 3 मीटरच्या एका रॉडमागे उतार येतो जेमतेम 4 सेंमी, आणि रस्त्यावर चालत लोकेटरने (खालचं ड्रिल कुठे आहे ते दाखवणारं यंत्र) जी खोली मोजतात तिच्यात 5 टक्के फरक सहज पडतो, म्हणजे 2 मीटर खोलीवर 10 सेंमी! म्हणून ठेकेदाराला पहिला प्रश्न हाच विचारा की ड्रिलच्या तोंडाजवळचा सोंड (sonde, म्हणजे वर सिग्नल पाठवणारं उपकरण) उतार किती बारीक दाखवतो. काही सोंड 1 टक्क्याच्या टप्प्याने दाखवतात, तुमचा अख्खा ढाळच 1.4 टक्के आहे, त्यात काय कळणार? 0.1 टक्का दाखवणारा मिळतो, तोच हवा. तो नसेल तर सरळ नाही म्हणा.

पुढचं म्हणजे, भोक पाइपच्या दीडपट रुंद करतात आणि त्यात बेंटोनाइटचा (एक प्रकारची चिकणमाती) चिखल भरलेला असतो, पाइपचं एचडीपीई प्लास्टिक पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे रिकामा पाइप वर तरंगून भोकाच्या छताला टेकतो. ओढताना पाइपमध्ये पाणी भरायला सांगा. जोड वितळवून लावले की आतून जी कड उभी राहते ती काढून घ्या, नाहीतर प्रत्येक जोडाला कागद-कपडा अडकेल. आणि पाइप ओढला की ताणला जातो, नंतर आखडतो, म्हणून लगेच कापून चेंबरला जोडायची घाई नको, रात्रभर तसाच सोडा.

खाली मुरूम आणि मध्ये मध्ये काळ्या दगडाचे गोटे असतील तर बिट (ड्रिलचं टोक) गोट्याला लागून दुसरीकडेच सरकतं. अशा जमिनीत मी तरी ढाळाचं काम एचडीडीने करायला सांगणार नाही. मग छोटा पंप बसवून प्रेशर लाइन टाका, ती कशीही गेली तरी चालते, फक्त वीज गेल्यावर काय करणार ते आधी ठरवा (जनरेटरवर लिफ्ट चालते, मग पंपही चालू दे की). शेवटचं बिल मात्र आतून कॅमेरा फिरवून, पाणी कुठे साचत नाही हे बघूनच द्या.

प्रश्न : गल्लीत सहा महिन्यांपूर्वी मशीनने काहीतरी लाइन टाकली, तेव्हापासून आमचं ड्रेनेज सारखं तुंबतंय. संबंध असेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : असू शकतो. ड्रिल कधीकधी जुन्या ड्रेनेज पाइपच्या आरपार जातं आणि कोणाला कळतही नाही, कारण पाणी बाजूने वाहत राहतं, मग हळूहळू केस, कपडा अडकून महिन्यांनी तुंबतं. पण कृपा करून लगेच तुंबलेली लाइन मोकळी करणाऱ्या रॉडवाल्याला बोलावू नका! आरपार गेलेला पाइप गॅसचा असेल आणि रॉडच्या कटरने तो फाटला तर गॅस ड्रेनेजमधून थेट घराघरात येतो, परदेशात असे स्फोट झालेत. आधी कॅमेरा टाका. आत आरपार गेलेला कुठलाही पाइप, विशेषतः पिवळा, दिसला तर काहीही न करता गॅस कंपनीच्या इमर्जन्सी नंबरला फोन करा.