५५ लाखांच्या तडजोडीत प्रत्यक्ष हाती किती?

नाशिकच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. वय ४१, खासगी शाळेत शिक्षिका, पगार ४० हजार, घरभाडे धरून खर्च ३४ हजार, सोबत १४ वर्षांचा मुलगा. परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचे ठरले असून संमतीपत्राचा मसुदा तयार आहे आणि अर्ज पुढच्या महिन्यात दाखल होईल. मसुद्यानुसार त्यांना एकूण ५५ लाख मिळणार आहेत: २२ लाख रोख, पतीची २५ लाखांची विमा पॉलिसी आणि ८ लाखांचे दागिने. त्या बदल्यात त्यांनी पुढील पोटगीचा हक्क सोडायचा आहे. वकील ५५ लाखांवर १० टक्के, म्हणजे साडेपाच लाख मागत आहेत. आजवर सव्वा लाख रोखीने दिले, पण पावती नाही, आणि साडेपाच लाखांचा सही केलेला, तारीख न टाकलेला धनादेश वकिलांकडे आहे. फी भरण्यासाठी दागिन्यांवर सोनेतारण कर्ज घ्यावे की मुदत ठेव मोडावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

दोन्ही करू नका. फीविषयी पुढे लिहितो, परंतु त्याआधी या ५५ लाखांकडे पाहू, कारण खरी चूक तिथे आहे आणि ती साडेपाच लाखांपेक्षा कितीतरी मोठी आहे.

दागिने तुमचे स्त्रीधन आहेत, असे तुम्हीच लिहिले आहे. म्हणजे ते पहिल्यापासून तुमच्याच मालकीचे आहेत, पती फक्त ते परत करत आहेत. त्यांची किंमत पोटगीच्या रकमेत धरण्याचे काहीही कारण नाही. उरले ४७ लाख.

आता पॉलिसी. तुम्ही जोडलेल्या कागदांनुसार वार्षिक हप्ता १ लाख २० हजार, मुदत १५ वर्षे, सहा हप्ते भरलेले, नऊ बाकी. २५ लाखांचा आकडा एजंटाच्या तक्त्यातला आहे, त्यात अजून जाहीरही न झालेले बोनस धरलेले आहेत, आणि ती रक्कम मिळायची ती नऊ वर्षांनी. सात टक्के व्याज धरले तर नऊ वर्षांनंतरच्या २५ लाखांचे आजचे मोल साधारण साडेतेरा लाख होते, त्यातून उरलेल्या नऊ हप्त्यांचे आजचे मोल, म्हणजे सुमारे साडेआठ लाख, वजा केले की पाच लाख उरतात. कंपनीने दिलेले सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी आज मोडली तर मिळणारी रक्कमही साडेपाच लाखच आहे. म्हणजे तुमच्या मसुद्यात पाच-साडेपाच लाखांची वस्तू २५ लाखांना लावली आहे. विमा आणि बचत एकत्र बांधून विकल्या जाणाऱ्या अशा पॉलिसींनी पगारदार घरांचे आधीच पुरेसे नुकसान केले आहे. आता त्यांचे फुगवलेले आकडे पोटगीच्या हिशेबातही येऊ लागले, याची मला मनापासून चीड येते.

शिवाय ते नऊ हप्ते कोण भरणार, याविषयी मसुदा गप्प आहे. तुमची वर्षाची शिल्लक ७२ हजार, हप्ता १ लाख २० हजार. मुलाच्या शिक्षणाचा वाढता खर्च त्या शिल्लकेतूनच भागवायचा असल्यामुळे हप्ते रोख २२ लाखांतूनच जाणार. २२ लाखांतून वकिलांचे साडेपाच आणि हप्त्यांचे पावणेअकरा वजा करा, पावणेसहा लाख उरतात. एवढ्यावर तुम्ही आयुष्यभराचा पोटगीचा हक्क सोडत आहात.

त्यातही पॉलिसीचे मालक पतीच आहेत आणि मसुद्यात तुम्हाला केवळ ‘नॉमिनी’ ठेवले आहे. नॉमिनीचे नाव ते उद्या तुम्हाला न विचारता बदलू शकतात. पॉलिसी घ्यायचीच असेल तर ती तुमच्या नावे पूर्णपणे असाइन, म्हणजे तिचे सारे हक्क तुमच्या नावे हस्तांतरित होऊन कंपनीच्या दप्तरी तशी नोंद झाली पाहिजे, आणि तीही न्यायालयाचा हुकूम होण्याआधी. माझे मत असे की घेऊच नये. पतींना ती खरोखर २५ लाखांची वाटत असेल तर त्यांनी ती स्वतःकडे ठेवावी आणि निम्मी रक्कम तुम्हाला आज रोख द्यावी. मुलाच्या शिक्षणाचा आणि पोषणाचा खर्च वेगळ्या कलमात लिहून घ्या. तो मुलाचा हक्क आहे आणि तुमच्या पोटगीबरोबर तो सुटत नाही. अर्ज अजून दाखल झालेला नाही आणि दाखल झाल्यावरही हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते, तेव्हा ‘आता ठरले आहे’ या दडपणाखाली राहू नका.

आता फी. मिळणाऱ्या रकमेच्या टक्केवारीत फी ठरवण्यास बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे, आणि २०१७ साली ‘बी. सुनीता विरुद्ध तेलंगणा राज्य’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशी फी गैरवर्तन ठरवून तिच्यापोटी घेतलेल्या धनादेशावरची फौजदारी कारवाईही रद्द केली. तुमच्या बाबतीत तर ही टक्केवारी तुमच्याच दागिन्यांवर आणि कागदी २५ लाखांवरही लावली आहे. खऱ्या २७ लाखांवर (२२ लाख रोख आणि पॉलिसीचे पाच) ती २० टक्के भरते. थकीत फीसाठी अशिलाची फाईल अडवून ठेवता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे.

झालेल्या कामाचा मोबदला मात्र द्यायलाच हवा. म्हणून वकिलांना आजच ईमेल करा: दिलेल्या सव्वा लाखाचा तारीखवार उल्लेख, आजवरच्या कामाच्या हिशेबाची मागणी, धनादेश टक्केवारीपोटी तारण म्हणून दिला होता हे स्पष्ट विधान, आणि तो धनादेश व फाईल परत देण्याची विनंती. नुसते पेमेंट थांबवून निर्धास्त राहू नका, कारण तरीही धनादेश न वटल्याबद्दलची कलम १३८ ची नोटीस येऊ शकते. आलीच तर १५ दिवसांच्या आत दुसऱ्या वकिलामार्फत उत्तर द्या. प्रकरण चिघळले तर तक्रार बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे करता येते. ग्राहक आयोगाचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निकालाने बंद झाला आहे.

अर्ज दाखल होण्यापूर्वीच वकील बदलणे सर्वांत सोपे. उत्पन्न कितीही असले तरी स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील कार्यालयात अर्ज करा. खासगी वकील नेमलात तर मसुदा, पहिला अर्ज आणि अंतिम सुनावणी अशा प्रत्येक टप्प्याची फी आधी लेखी ठरवा, पैसे बँकेतूनच द्या, आणि दुरुस्त मसुद्यावर सही करण्यापूर्वी पॉलिसीच्या कलमाची प्रत मला पाठवा.