टांझानियात शिकवायला येण्याआधी किस्वाहिली शीक

तू विचारलं आहेस, "ताई, डी.एड. झालंय, वर्षभर टांझानियात स्वयंसेवक शिक्षिका म्हणून यायचं ठरतंय. शाळा कशी असते, शाकाहारी माणसाचं निभतं का, लोक कसे वागवतात, आणि तयारी काय करू?" मी किलिमांजारोच्या पायथ्याशी, मोशीत, तीन वर्षं गणित शिकवतेय. एका वर्षासाठी आले होते आणि राहिले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी भाषा. इथे सरकारी प्राथमिक शाळेत मुलं सात वर्षं किस्वाहिलीतून शिकतात आणि फॉर्म वनला, म्हणजे आपल्या आठवीच्या वयात, सगळे विषय एकदम इंग्रजीतून सुरू होतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली. अकरावी सायन्सला पहिल्या आठवड्यात फळ्याकडे बघत नुसती बसून होते, ते मला अजून आठवतं. इथल्या मुलांवर ती वेळ तेराव्या-चौदाव्या वर्षी येते. सुरुवातीला मी "समजलं का?" असं इंग्रजीत विचारायचे आणि सत्तर मुलं एका सुरात "येस मॅडम" म्हणायची. चाचणी घेतली तर अर्धे पेपर कोरे.

एका मुलीला बारा वस्तू चार जणांत समान वाटायचं गणित येईना. तिला इंग्रजीतला 'समान' हा शब्दच अडत होता. मी मोडक्यातोडक्या किस्वाहिलीत म्हटलं, "मांडाझी बारा, मुलं चार, गावान्या सावासावा." गावान्या म्हणजे वाट, सावासावा म्हणजे सारखं. मांडाझी हा तळलेला गोडसर पाव, तिची आई सकाळी तोच विकते. माझं वाक्य संपायच्या आत तिने "ताटू" म्हटलं. तीन. त्या मुलीला भागाकार पहिल्यापासून येत होता. म्हणून सांगते, विमानात बसण्याआधी निदान तीन महिने रोज तासभर किस्वाहिली कर. तुला वाटतं तितकी ती परकी नाही. गणिताला हेसाबू, साबणाला साबुनी, रंगाला रांगी, गाडीला गारी, पैशाला पेसा आणि लाखाला चक्क लाकी म्हणतात.

मोठ्या माणसाला भेटलीस की "शिकामो" म्हणायचं. मूळ अर्थ 'पाय धरते'. ते "मराहाबा" म्हणतील. आपल्याकडच्या वाकून नमस्काराला जी किंमत, तीच याला. त्यानंतर घरचे कसे, काम कसं, झोप झाली का, हे सगळं विचारून होईपर्यंत मुद्द्याला हात घालायचा नाही. कुणाच्या दारात गेलीस की "होडी" म्हणून थांबायचं आणि आतून "करिबू" आलं की मगच पाऊल टाकायचं.

वेळेचं नीट लक्षात ठेव. किस्वाहिलीत तास उजाडल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, 'सा मोजा'. मला पहिल्याच आठवड्यात 'सा म्बिली'ला बैठक आहे असं सांगितलं. मी दुपारी दोनला गेले, बैठक सकाळी आठलाच होऊन गेली होती. 'म्बिली' म्हणजे दोन, एवढंच मी शिकले होते. तेव्हापासून वेळ कळली की सकाळ, दुपार की रात्र, हे लगेच विचारून घेते.

शाळेत सकाळी मुलं काटक्यांच्या झाडूने अंगण झाडतात, मग परेड, राष्ट्रगीत, मग तास. मुलींचेही केस अगदी बारीक कापलेले असतात, बिचकू नकोस. २०१६ पासून सरकारी माध्यमिक शाळांत फी नाही, त्यामुळे वर्ग गच्च भरलेले. एका बाकावर तीन-चार जण आणि दोघांत-तिघांत एक पुस्तक, हे मी रोज बघते. शिक्षकांच्या हातात छडी असते आणि कायद्यानेही तिला परवानगी आहे. मी मारणार नाही हे मी मुख्याध्यापकांना पहिल्याच दिवशी शांतपणे सांगितलं, पण सहकाऱ्यांना कधी उपदेश केला नाही. तुझं काय ते येण्याआधीच मनाशी ठरव. वर्गात प्रसंग आला की विचार करायला वेळ मिळत नाही.

जेवणाचं म्हणशील तर उपाशी राहणार नाहीस. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत राजम्यासारखी माहारागे आणि म्चिचा, म्हणजे आपल्या माठासारखी पालेभाजी. शाळेत मकांदे असतं, मका आणि घेवडा एकत्र शिजवलेला. "सिली न्यामा", मी मांस खात नाही, हे वाक्य पाठ कर. तूरडाळ गुजराती दुकानांत मिळते, पण हिंग घरूनच आण.

भारतीय म्हटलं की लोकांना आधी दुकानदार आठवतो. बाजारात "म्हिंदी" अशी हाक येईल, त्याचा राग धरू नकोस. "म्वालिमू", म्हणजे शिक्षिका, असं सांगितलंस की बोलण्याचा सूर बदलतो. इथे या शब्दाला मोठा मान आहे. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांना लोक आजही म्वालिमू म्हणूनच ओळखतात.

दुसऱ्या वर्षी माझी आजी गेली. तिकीट काढून पोचणं शक्य नव्हतं. संध्याकाळी दारात "होडी" ऐकू आलं. शाळेतल्या अकरा शिक्षिका कांगा, म्हणजे इथल्या बायकांचं छापील सुती कापड, गुंडाळून आल्या होत्या. "पोले साना", फार वाईट झालं, म्हणाल्या, जमिनीवर बसल्या आणि तासभर फारसं कुणी बोललं नाही. जाताना पाकीट ठेवलं. त्याला राम्बीराम्बी म्हणतात, दुःखातली वर्गणी. त्यांचे पगार मला माहीत होते, म्हणून मी नको म्हणत होते. वयाने मोठी होती ती म्हणाली, "घे, उद्या तूही देशील." तेव्हापासून प्रत्येक मयताला मी जाते.

आता कागदपत्रं. ज्या संस्थेमार्फत मी आले, तिने पर्यटक व्हिसावर या, पुढचं बघू, असं सांगितलं आणि नंतर मला फार मनस्ताप झाला. स्वयंसेवकासाठी 'सी' वर्गाचा निवास परवाना असतो. त्याचा अर्ज कोण करणार आणि पैसे कोण भरणार, हे लेखी घे. यलो फिव्हरची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी टोचून घे आणि दाखला जपून ठेव, भारतात परतताना तो लागतो का, हे आधी विचारून घे. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोल. सामान प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरू नकोस, २०१९ पासून त्यांवर बंदी आहे. शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, जमलं तर तेव्हाच ये. मार्च ते मे पाऊस आणि चिखल असतो, गमबूट लागतील.

तुला कुठला वर्ग मिळतोय ते कळव. गणितातल्या शब्दांची मी एक वही केलीय, किस्वाहिली, इंग्रजी आणि मराठी अशा तीन रकान्यांची. तिचे फोटो काढून पाठवते.