आईचं वय ५३ आहे, तक्रार काही नाही. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी दरवर्षी सीए-१२५ ही रक्ततपासणी करून घ्यावी का? इथे सोलापुरात पॅकेजमध्ये मिळते.

तक्रार नसेल आणि घरात कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला नसेल, तर नका करू. पॅकेजमध्ये फुकट मिळाली तरी नको.

माझ्या आईची ही तपासणी झाली होती. दिवाळीत दादाने तिला फुल बॉडी चेकअपला नेलं. सीए-१२५ आली २८. पस्तीसच्या आत, म्हणजे नॉर्मल. ते रिपोर्टचं फोल्डर देवघराशेजारच्या कपाटात गेलं. पुढे आईने पोटाचं काही म्हटलं की दादा ते बाहेर काढायचा. "अगं, सगळं नॉर्मल आलंय, पित्त असेल."

कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही असलं की आई दीड भाकरी खायची. आता दोन घासांत पोट भरलं म्हणून ताट सरकवायची. रात्री चार-चार वेळा लघवीला उठायची. संक्रांतीला नंदीध्वज बघायला निघताना मी तिच्या निऱ्या नीट करत होते, तेव्हा परकराच्या नाडीचा वळ दिसला. लालभडक, खोल रुतलेला. हातपाय वाळलेले आणि पोट तेवढं ताणलेलं. मी विचारलं तर म्हणाली, "बसून बसून सुटलंय गं." दरवर्षी मिरवणुकीबरोबर चालणारी आई त्या दिवशी कुणाच्या तरी ओट्यावर बसून राहिली.

फेब्रुवारीत सोनोग्राफी केली तर पोटात पाणी. सीए-१२५ तेव्हा ६४०. तिसरी स्टेज. ऑपरेशन, केमो, आणि अडीच वर्षं.

दादा आजही म्हणतो, "मी तर वेळेत तपासणी केली होती." त्या तपासणीनेच आमचे तीन महिने खाल्ले. पहिल्या स्टेजच्या जवळपास निम्म्या बायकांची सीए-१२५ वाढलेलीच नसते. उलट फायब्रॉइड, एंडोमेट्रिओसिस, पोटाचा टीबी, अगदी पाळी चालू असली तरी ती वाढते आणि नको ती ऑपरेशनं होतात. ब्रिटनमध्ये २ लाखांहून जास्त बायकांवर वर्षानुवर्षं हाच प्रयोग झाला. काहींचं दरवर्षी रक्त तपासलं, काहींची सोनोग्राफी केली, निम्म्यांची यातली कुठलीच तपासणी केली नाही. २०२१ साली निकाल आला: मृत्यू कमी झाले नाहीत.

तक्रार असेल तर मात्र गोष्ट वेगळी. पोट फुगणं, लवकर भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखी लघवी हे नव्याने सुरू झालं आणि दोन-तीन आठवडे बहुतेक रोज राहिलं, तर पित्ताच्या गोळ्या बाजूला ठेवून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. तेव्हा सोनोग्राफी आणि सीए-१२५ दोन्ही हवीत.

आणि घरातली माणसं आठवा. आमची बार्शीची मावशी ४६व्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरने गेली होती. बार्शीत १९८७पासून खेड्यापाड्यांतल्या कॅन्सरची नोंद ठेवतात. आमच्या घरात दोन सख्ख्या बहिणींची नावं कुणी एका कागदावर लिहिली नाहीत. आईच्या केमोच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा कुठे जनुकीय चाचणी झाली. तिच्यात बीआरसीए-१ या जनुकाचा दोष निघाला, ज्याने स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. नंतर माझ्यातही. मला दोन मुलं झालेली होती. ३९व्या वर्षी मी अंडाशयं आणि गर्भनळ्या काढून घेतल्या. नळ्यासुद्धा, कारण यातले बरेच कॅन्सर नळीच्या टोकाशी सुरू होतात. पाळी एकदम बंद झाली, पहिलं वर्ष अंगाची नुसती लाहीलाही होत होती. तरी मला पस्तावा नाही.

दादाने चाचणी केलेली नाही. "बायकांचा आजार, मला काय त्याचं?" हा दोष बापाकडूनही तसाच येतो, प्रत्येक लेकरात निम्मी शक्यता. त्याला दोन मुली आहेत. वहिनीला लग्नं अडतील याची भीती.

एक सांगायला हवं. आईला डिसेंबरातच नेलं असतं तर ती वाचली असती, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. लक्षणं दिसतात तोवर हा आजार बहुतेकदा पसरलेला असतो. पण दादाच्या मुलींच्या बाबतीत अजून उशीर झालेला नाही. थोरली यंदा २४ची झाली. आईकडून आलेला तो दोष दादात नाही असं निघालं, तर दोघींना त्यासाठी चाचणीची गरजच उरणार नाही. म्हणून रक्त आधी त्याचं. यंदा संक्रांतीच्या गड्डा जत्रेत वहिनी भेटली तेव्हा हे पुन्हा सांगितलं. "बोलते त्यांच्याशी," म्हणाली.