नीतिशास्त्र शिकवायचं आहे. पण कोणाला, आणि कशाच्या जोडीनं?

प्रश्न : माझी मुलगी तत्त्वज्ञान घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे शाळेत किंवा विद्यापीठात नीतिशास्त्र शिकवायचं, हे तिनं पक्कं ठरवलंय. तिचे बाबा म्हणतात, चांगलं वागायला माणूस घरात शिकतो, वर्गात भाषणं ऐकून कोणी सुधारत नाही. आणि असल्या विषयाला पगार कोण देणार? मला तिचं मन मोडायचं नाही, पण तिला वाऱ्यावरही सोडायचं नाही. तिला काय सांगू?
– एक आई

उत्तर : ताई, नमस्कार.

आधी तिच्या बाबांच्या बाजूनं बोलतो. त्यांची शंका उडवून लावण्यासारखी नाही, तिला जुन्या संशोधनाचा आधार आहे. १९२० च्या दशकात ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या संशोधकांनी अमेरिकेत हजारो शाळकरी मुलांना अशा चाचण्या दिल्या की त्यांत खोटं बोलायची, कॉपी करायची, थोडंफार लंपास करायची आयती संधी होती. १९२८ पासून त्यांचे निष्कर्ष छापून येऊ लागले. नीतिपाठ देणाऱ्यांना ते झोंबावेत असेच होते. एका ठिकाणी फसवणारं मूल दुसऱ्या ठिकाणी प्रामाणिक वागे, आणि उलटही. सद्वर्तनाचे धडे मिळालेली मुलं बाकीच्यांपेक्षा फारशी वेगळी निघाली नाहीत. तेव्हा तुमच्या मुलीला वर्गात उभं राहून ‘खरं बोलावं, चोरी करू नये’ एवढंच सांगायचं असेल, तर बाबांचं ऐका.

पण या विषयात मुरलेली माणसं ते करतच नाहीत.

मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांचं नाव तिच्या कानावर आलंच असेल. शिकागो विद्यापीठातल्या १९५८ च्या प्रबंधात त्यांनी मुलांपुढे असे पेच ठेवले : बायको मरणाच्या दारात आहे, औषध शोधणारा अवाच्या सवा किंमत मागतोय, नवऱ्याजवळ तेवढे पैसे नाहीत, त्यानं औषध चोरावं का? कोलबर्ग मुलाच्या ‘हो’ किंवा ‘नाही’कडे पाहत नसत, त्यामागचं कारण पाहत. ‘नको, पकडला जाईल’ म्हणणारा आणि ‘नको, जो तो असंच करू लागला तर कायद्याला अर्थ काय’ म्हणणारा, दोघांचं उत्तर एकच. विचार मात्र वेगवेगळ्या पायरीवरचा. पुढे त्यांचे विद्यार्थी मोशे ब्लॅट यांनी असे पेच वर्गातच चर्चेला टाकले, तेव्हा काही मुलांचा विचार वरच्या पायरीकडे सरकलेला दिसला. (कोलबर्ग यांच्या मूळ अभ्यासात फक्त मुलगे होते. मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये त्यावर नेमकं बोट ठेवलं. तुमच्या मुलीनं दोन्ही बाजू वाचाव्यात.)

विचार सरकला म्हणून वागणं सुधारतंच असं नाही. १९७४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज इथं क्लस्टर स्कूल सुरू झालं, त्यात कोलबर्ग यांनी वेगळी वाट धरून पाहिली. शाळेचे नियम सभेत ठरायचे आणि शिक्षक असो की विद्यार्थी, मत प्रत्येकाला एकच. एकदा एका मुलीच्या पर्समधून पैसे गेले आणि घेणारा पुढे येईना. सभेत वाद झाला : हे एकट्या तिचं नुकसान, की सगळ्यांचं? शेवटी प्रत्येकानं थोडे थोडे पैसे घालून तिची भरपाई करायची असं ठरलं. चोरीवरची दहा व्याख्यानं मी या एका सभेवरून ओवाळून टाकीन. अशी सभा चालवता येणं, भांडण हाताबाहेर जाऊ न देणं आणि तरी उत्तर आपण न देणं, हे या पेशातलं खरं कसब आहे. ते पुस्तकं वाचून येत नाही.

विद्यापीठातलं काम कसं असतं तेही सांगतो. अभियांत्रिकीच्या वर्गात चॅलेंजर या अमेरिकी अंतराळयानाचा प्रसंग हमखास शिकवला जातो. २७ जानेवारी १९८६ ची रात्र. यानाचे बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे अभियंते, त्यांत रॉजर बॉइजोली, फोनवरच्या बैठकीत सांगतायत की एवढ्या थंडीत सांध्यांमधली रबरी कडी ताठरतील, उड्डाण नको. नासाला हे पटत नाही. मग कंपनीतले वरिष्ठ आपसात बोलायला वेळ मागून घेतात आणि अभियांत्रिकीचे उपाध्यक्ष रॉबर्ट लुंड यांना त्यांचा वरिष्ठ म्हणतो, ‘अभियंत्याची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल.’

बहुतेक शिक्षक गोष्ट शेवटापासून सांगतात : ७३ सेकंदांत यान फुटलं, सात जण गेले, त्यांत ख्रिस्टा मॅकऑलिफ ही शिक्षिकाही होती. मग वर्गातला प्रत्येक जण शहाणा होतो आणि ‘मी असतो तर उड्डाण थांबवलं असतं’ म्हणतो. जाणता शिक्षक गोष्ट टोपीच्या वाक्यापाशी थांबवतो. मोठ्या गिऱ्हाइकाचा दबाव आहे, उड्डाण आधीच लांबलंय, हाताशी असलेली आकडेवारी अर्धवट आहे, घड्याळ चाललंय. तुम्ही लुंड आहात, बोला. आता वर्ग गप्प होतो. चार जण चाचरत ‘होऊ द्या’ म्हणतात, आणि तास तिथून सुरू होतो.

आता पोटापाण्याचं. नुसत्या नीतिशास्त्राच्या जागा थोड्या आहेत. विद्यापीठात कायम नेमणूक हवी तर बहुधा डॉक्टरेट लागते, आणि ती असूनही रांग मोठी. शाळांचं देशागणिक वेगळं आहे. जपाननं २०१८ मध्ये प्राथमिक शाळांत आणि २०१९ मध्ये त्यापुढच्या वर्गांत नैतिक शिक्षणाला ‘विशेष विषया’चा दर्जा दिला, पाठ्यपुस्तक आहे, पण गुण नाहीत, शिक्षक शेरा लिहितात. मला हे शहाणपणाचं वाटतं, कारण गुण ठेवले की परीक्षकाला आवडेल तेच मुलं लिहिणार. ‘मी लाच घेईन’ असं उत्तरपत्रिकेत कोण लिहील? बर्लिनमध्ये २००६ पासून सातवी ते दहावीला नीतिशास्त्र सक्तीचं आहे. पण बहुतेक ठिकाणी हा स्वतंत्र विषय नसतोच, भाषेच्या किंवा इतिहासाच्या शिक्षकालाच तो सांभाळावा लागतो. शाळेतच शिकवायचं असेल तर दुसरा एक विषय शिकवण्याची पात्रता हातात हवी, त्याला पर्याय नाही.

माझ्या मते कामाची वाढ आहे ती जोडविषयांत, म्हणजे नीतिशास्त्राला दुसऱ्या एखाद्या क्षेत्राची जोड दिली तर. अमेरिकेतल्या टस्कीगीला १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिसच्या कृष्णवर्णीय रुग्णांना उपचाराविना नुसतं निरखत ठेवलं गेलं. ते उघड झाल्यावर तिथं माणसांवरच्या संशोधनाचे नियम कडक झाले, १९७९ मध्ये अशा संशोधनाची नैतिक तत्त्वं सांगणारा बेल्मॉन्ट अहवाल आला. आज वैद्यकीय संशोधनाला नैतिकता समितीची मंजुरी लागते, आणि तिथं तत्त्वज्ञान कळणाऱ्या पण इस्पितळाची भाषाही समजणाऱ्या माणसाची गरज भासते. संगणकशास्त्रातही तेच : हार्वर्डनं २०१७ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात तत्त्वज्ञानाची माणसं संगणकाच्या नेहमीच्या अभ्यासक्रमांत जाऊन तिथले नैतिक प्रश्न शिकवतात. तेव्हा तिनं वैद्यक, कायदा, संगणक, पर्यावरण यांपैकी एक क्षेत्र आतापासून धरावं आणि त्यातलं जुजबी नव्हे, नीट शिकावं. तांत्रिक बाजू न कळणाऱ्या नीतिशिक्षकाला विद्यार्थी पहिल्याच तासाला ओळखतात.

एका गोष्टीची मात्र तिला आधीच कल्पना द्या. ‘कोणाची मूल्यं शिकवताय?’ हा प्रश्न पालकांकडून, संस्थाचालकांकडून येणारच. बर्लिनमध्ये तर धर्मशिक्षणाला नीतिशास्त्राच्या बरोबरीचा पर्याय करावं म्हणून २००९ मध्ये सार्वमत झालं. ते फेटाळलं गेलं. या भीतीनं काही शिक्षक दुसरं टोक गाठतात, ‘ज्याचं त्याचं मत’ म्हणून मोकळे होतात. वर्गात एखाद्यानं दुबळ्याला छळण्याचं समर्थन केलं तर तिथं शिक्षकानं ते चूक आहे असं स्पष्ट म्हटलंच पाहिजे. कुठं बोलायचं आणि कुठं जीभ आवरायची, हे जिला जमत नाही तिनं या वाटेला जाऊ नये.

जमतं की नाही हे फी भरण्याआधी तपासता येईल. तिला दहा-बारा किशोरवयीन मुलं गोळा करायला सांगा, एक पेच देऊन पाऊण तास चर्चा चालवू द्या आणि ती रेकॉर्ड करू द्या. नंतर तिनंच ऐकून पाहावं : निम्म्याहून जास्त वेळ तीच बोलतेय का? न पटणारं बोलणाऱ्या मुलाला तिनं मध्येच तोडलं का? पेच हवे असतील तर ‘एथिक्स बोल’ स्पर्धेची प्रकरणं पाहावीत. रॉबर्ट लॅडेन्सन यांनी १९९३ मध्ये इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ती सुरू केली. वादविवाद स्पर्धेसारखी तिथं बाजू वाटून दिलेली नसते; दोन्ही संघांचं मत एकच निघालं तरी चालतं, गुण युक्तिवादाला असतात.

अशा चार-पाच चर्चा झाल्यावरही तिचा उत्साह टिकला, तर पदव्युत्तर प्रवेशाचा अर्ज करायला हरकत नाही. अर्जाआधी जोडविषय कोणता धरलाय ते कळवा. अभ्यासक्रमाची निवड त्यावरच अवलंबून राहील. आणि ते रेकॉर्डिंग तिच्या बाबांनाही ऐकवा.