माल घट्ट झाला, मग करंट का जात नाही?

प्रश्न : पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकमधून करंट जावा म्हणून त्यात थोडीशी कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिबारीक नळ्या) मिसळली. वितळल्यावर माल चांगलाच घट्ट होतो, रिओमीटरवर (वितळलेला माल मागेपुढे हलवून त्याचा घट्टपणा मोजायचं यंत्र) कमी फ्रिक्वेन्सीला कर्व्ह आडवा पडतो. सर म्हणतात ट्यूब्जचं नेटवर्क झालं. पण मल्टिमीटर नुसता ओव्हरलोड दाखवतो. कोण खरं?

उत्तर : दोघंही खरे, म्हणजे सर नक्की खरे, मीटरचं पुढे बघू. नुसतं पॉलिमर वितळलेलं असलं की फ्रिक्वेन्सी दहापट कमी केल्यावर स्टोरेज मॉड्युलस (मालाचा स्प्रिंगसारखा ताठपणा, तुमचा कर्व्ह त्याचाच) शंभरपट खाली येतो, कारण साखळ्यांना सुटून वाहायला वेळ मिळतो. तुमच्याकडे तो घसरायचा थांबला, म्हणजे आत काहीतरी वाहायला तयार नाही. पण त्यासाठी ट्यूब्ज एकमेकींना टेकायला लागत नाहीत, मधलं अंतर पॉलिमरच्या साखळीच्या गुंडाळीएवढं झालं तरी पुरतं, मधल्या साखळ्याच अडकून बसतात. इलेक्ट्रॉनला एका ट्यूबवरून दुसरीवर उडी मारायची असते आणि ती जेमतेम काही नॅनोमीटरचीच जमते. म्हणून ट्यूब वाढवत नेली की मालाचं वाहणं आधी अडतं, करंट नंतर सुरू होतो; ज्या प्रमाणाला हे घडतं तो त्याचा उंबरठा. पीएमएमएमध्ये (ॲक्रिलिक प्लास्टिक) सिंगल-वॉल म्हणजे एकाच थराची ट्यूब घालून २००४ साली छापून आलेले आकडे बघा : वाहणं अडण्याचा उंबरठा वजनाने ०.१२ टक्के आणि करंटचा ०.३९ टक्के, म्हणजे तिपटीहून जास्त.

आता मीटर. साधा मल्टिमीटर काही दहा मेगाओहमपर्यंतच वाचतो, त्यापुढे सगळं त्याला सारखंच. अँटिस्टॅटिक माल त्याच्याही वर असू शकतो, तेव्हा इलेक्ट्रोमीटर (फार मोठा रेझिस्टन्स मोजणारा मीटर) मिळवा, टोकांना सिल्व्हर पेंट लावा आणि मग बोला.

प्रश्न : तेच दाणे हॉट प्रेसमध्ये दाबून शीट केली तर करंट जातो, इंजेक्शन मोल्डिंगने पीस काढला तर जात नाही. दाणे बदललेले नाहीत!

उत्तर : दाणे तेच असले तरी आतली मांडणी तीच राहिलेली नाही. साच्यात माल जोरात घुसतो तेव्हा भिंतीजवळ शिअर (थरावर थर घसरण्याची ओढ) सगळ्यात जास्त, ट्यूब्ज प्रवाहाच्या दिशेने सरळ होतात, त्यांचे एकमेकींशी असलेले जोड सुटतात, आणि भिंत थंड असल्याने ते तसंच गोठतं, परत जुळायला वेळच मिळत नाही. मधला गाभा जरा उशिरा गोठतो म्हणून तिथे परिस्थिती बरी असते. खात्री करायची तर पिसाचा वरचा थर पॉलिश पेपरने घासून काढा आणि परत मोजा, बहुतेक वेळा रेझिस्टन्सचा आकडा खाली येतो. उपाय म्हणजे माल आणि साचा दोन्ही जास्त गरम ठेवा आणि इंजेक्शन स्पीड कमी करा, सायकल टाइम (एक पीस काढायला लागणारा वेळ) वाढेल, प्रॉडक्शनवाले ओरडतील, पण इलाज नाही. पीस परत वितळवून नुसता शांत धरून ठेवला तरी ट्यूब्ज आपोआप जुळायला लागतात आणि करंट परत येतो (पिसाचा आकार जातो ते वेगळं, हे लॅबपुरतंच).

प्रश्न : नॅनोट्यूब महाग पडते, कार्बन ब्लॅक (काजळीसारखी कार्बनची पूड) चालेल का?

उत्तर : चालेल, वर्षानुवर्षं चालतंयच. फक्त जास्त लागेल, साध्या ग्रेडला दहा टक्क्यांच्या पुढेही जावं लागतं, आणि मग पीस ठिसूळ होतो. नॅनोट्यूब लांब काडीसारखी म्हणून कमी पुरते : ताठ आणि कशाही पडलेल्या काड्यांच्या उंबरठ्याचा ढोबळ हिशोब असा की ०.७ ला लांबी-जाडीच्या गुणोत्तराने भागायचं, गुणोत्तर १०० असेल तर आकारमानाने ०.७ टक्के. अर्थात हे कागदावर. खऱ्या ट्यूब्ज वाकलेल्या असतात, गुंता करून बसतात, आणि गुंता फोडायला ट्विन-स्क्रूचा (दोन स्क्रूंनी माल मिसळणारं यंत्र) स्पीड वाढवला की त्या तुटून आखूडही होतात, म्हणजे गुणोत्तर घसरलं आणि उंबरठा परत वर. तेव्हा स्पीड वाढवताना दर वेळी पीस काढून मोजत जा, गाठी दिसेनाशा झाल्या म्हणून खूश होऊ नका.