यकृताचा तुकडा कापण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

कोकण किनाऱ्यावर वाहून येणारे डॉल्फिन आणि पॉर्पॉइज (डॉल्फिनसारखाच लहान सागरी सस्तन प्राणी) यांच्या अंगातल्या जड धातूंवर काम करायचं ठरवलंस, हे वाचून फार आनंद झाला. नमुने किती लागतील आणि यंत्र कुठलं वापरायचं, असं तू विचारलं आहेस. त्याचं उत्तर देतोच, पण आधी एक गोष्ट मनात पक्की कर. पारा, कॅडमियम, शिसं हे प्रत्येक जनावरात सापडणारच. सापडलं म्हणजे त्यानंच जनावर मेलं, असं होत नाही. आकड्याशेजारी जनावराचं वय, अंगावरची चरबी आणि मरणाचं कारण लिहिलेलं असेल, तरच त्या आकड्याला अर्थ येतो. या तिन्ही गोष्टी पुळणीवरच, पहिल्या काही तासांत मिळतात. एकदा जेसीबीनं खड्डा बुजवला की त्या कायमच्या गेल्या.

परवानगीचं आधी बघ. डॉल्फिन, पॉर्पॉइज आणि देवमासे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये येतात. मेलेल्या जनावराचा दातसुद्धा परवानगीशिवाय उचलायचा नाही. वनविभाग आणि कांदळवन कक्ष यांच्याकडून लेखी परवानगी हंगामाआधीच घेऊन ठेव. शवविच्छेदन पशुवैद्यकीय अधिकारी करतील आणि तू त्यांच्या शेजारी उभी राहून नमुने घेशील. पावसाळ्यात उधाणाबरोबर कलेवर आलं, की त्या दिवशी कागद फिरवायला वेळ नसतो.

खबर बहुतेक वेळा मच्छीमाराकडूनच येते. गादा (मच्छीमार डॉल्फिन-पॉर्पॉइजला असं म्हणतात) लागलाय, असा फोन आला की पहिला प्रश्न जाळ्याचा विचारू नकोस. कुठे आहे, किती लांब आहे, वास येतो का आणि भरती कधी आहे, एवढंच विचार. आपल्यावर बालंट येईल असं त्यांना वाटलं, तर पुढच्या वेळी फोन येणार नाही. ते नुकसान कुठल्याही यंत्रानं भरून निघत नाही.

पोहोचल्यावर आधी कलेवराची अवस्था ठरव. जगभर 1 ते 5 असे क्रमांक वापरतात: 1 म्हणजे जिवंत, 2 म्हणजे नुकतंच मेलेलं, 3 म्हणजे कुजायला लागलेलं पण अवयव जागच्या जागी असलेलं, 4 म्हणजे फार कुजलेलं, 5 म्हणजे कातडं आणि हाडं. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हात 2 चं 3 व्हायला काही तासच लागतात. धातू कुजत नाहीत हे खरं, पण यकृतातलं पाणी आणि चरबी पाझरून जाते आणि उरलेल्या ऊतीत धातूचं प्रमाण बदलतं. म्हणून तुलनेसाठी 2 आणि सुरुवातीचा 3 एवढेच घे. 4 क्रमांकाचं जनावर आलं तर मापं, फोटो आणि दात घेऊन थांब. तो नमुना यादीत भरण्याचा मोह होईल. नको भरूस.

लांबी वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोज. टेप पोटाच्या गोलाईवरून फिरवला की माप फुगतं. हातपरांमागचा, म्हणजे छातीजवळच्या दोन परांमागचा, घेर घे. कातडीखालच्या चरबीची जाडी पाठ, कूस आणि पोट अशा तीन जागी मिलिमीटरमध्ये लिही. बिनपाठपराच्या पॉर्पॉइजला पाठीचा पर नसतो, तेव्हा पाठीवरची जागा एकदा ठरव आणि प्रत्येक वेळी तीच धर.

ही चरबीची जाडी मी मुद्दाम सांगतो आहे. उपाशी, आजारी जनावराचं यकृत आक्रसतं. धातू तेवढाच राहतो, वजन घटतं, आणि दर ग्रॅमामागचा आकडा चढतो. जस्ताचं तर आणखी वेगळं आहे. संसर्ग झाला की शरीर स्वतःच यकृतात जस्त ओढून घेतं. जास्त जस्त हे तिथे आजाराचं कारण नसून परिणाम असतो. ही उलटी गाठ न ओळखता काढलेले निष्कर्ष तुला वाचायला मिळतील.

आता अवयवांकडे ये. यकृत, मूत्रपिंड, पाठीचा स्नायू आणि कातडी हे चार घे. प्रत्येकी 50 ते 100 ग्रॅम पुरे. पारा यकृतात साठतो, कॅडमियम मूत्रपिंडात आणि शिसं हाडात, म्हणून बरगडीचा एक तुकडाही ठेव. स्नायूतला पारा बहुतांशी मिथाइल पारा असतो, म्हणजे खाण्यातून आलेला. वयस्क डॉल्फिनच्या यकृतात मात्र बराचसा पारा सेलेनियमशी बांधला जाऊन निरुपद्रवी कणांच्या रूपात पडून असतो. त्यामुळे दोन्ही अवयव लागतात.

मूत्रपिंडाशी जरा थांब. आपल्या मूत्रपिंडासारखा तो एकसंध घेवडा नसतो. पातळ आवरण फाडलंस की आत द्राक्षाच्या घडासारखे शेकडो बारके गोळे दिसतात आणि प्रत्येक गोळ्याला स्वतःची साल आणि स्वतःचा गाभा असतो. कॅडमियम सालीत जास्त असतं. गोळा अर्धवट कापून घेतलास तर एका नमुन्यात साल जास्त येईल, दुसऱ्यात गाभा, आणि दोन जनावरांतला फरक म्हणून तू सुरीचाच फरक छापशील. अख्खे गोळे सोडवून घे.

सुरीचंही सांगतो. स्टीलच्या सुरीतून निकेल आणि क्रोमियम येतं, गॅल्वनाइज्ड घमेल्यातून जस्त, पावडरवाल्या हातमोज्यांतूनही जस्त, होडीच्या रंगातून तांबं, आणि वाळूच्या कणांतून लोह आणि मँगनीज. म्हणून पोट उघडायला स्टील चालेल, पण अवयवाचा मोठा तुकडा बाहेर काढल्यावर त्याची बाहेरची बाजू सिरॅमिक सुरीनं छाटून टाक आणि आतला भाग घे. डब्या प्लास्टिकच्या हव्यात. 10 टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये 24 तास भिजवून, शुद्ध पाण्यानं तीनदा धुऊन, झाकण लावून ठेवलेल्या. लगेच बर्फात, मग उणे 20 अंशांवर.

त्याच अवयवांचा दुसरा संच सूक्ष्मदर्शकासाठी घे: सेंटिमीटरभर जाडीचे काप, 10 टक्के बफर फॉर्मॅलिनमध्ये, ऊतीच्या दहापट द्रव. हे काप गोठवायचे नाहीत आणि धातूंसाठी वापरायचे नाहीत. हा संच गाळला तर धातूनं ऊतीचं काय केलं, हे तुला कधीच सांगता येणार नाही. आणि तुझ्या संशोधनाचा प्रश्न तर तोच आहे.

वयासाठी खालच्या जबड्याच्या मधले तीन-चार दात घे. त्यांच्या पातळ कापात वर्षागणिक वलयं मोजतात. यकृतातला पारा वयाबरोबर चढत जातो. वीस वर्षांचा डॉल्फिन आणि दोन वर्षांचं पिल्लू यांची सरसकट सरासरी काढणं म्हणजे काहीच न काढणं. बलीन देवमाशांना (तोंडातल्या पट्ट्यांनी अन्न गाळून खाणाऱ्यांना) दात नसतात आणि ते अन्नसाखळीत खालचं खातात, तेव्हा त्यांना या तुलनेत मिसळू नकोस.

जठर उघडायला विसरू नकोस. म्हाकुलाच्या (स्क्विडच्या) पचनग्रंथीत कॅडमियम मुळातच खूप असतं. जठरात म्हाकुलाच्या चोची सापडल्या, तर मूत्रपिंडातलं कॅडमियम कारखान्यातून आलं असं लिहिण्याआधी दहा वेळा विचार कर. मागे लोटे-परशुराम किंवा महाडची औद्योगिक वसाहत दिसते म्हणून बोट तिकडे जातं, पण बोट दाखवायला खाडीतला गाळ आणि मासळी यांचेही नमुने लागतात. आणि जाळ्याचं शिसं जठरात आहे का ते हातानं चाचपून बघ. गिळलेल्या शिशानं डॉल्फिनला खरोखर विषबाधा होते.

प्रयोगशाळेत नमुना फ्रीज ड्रायरमध्ये, म्हणजे गोठवून सुकवणाऱ्या यंत्रात, सुकव. ओव्हनच्या उष्णतेत पारा उडतो. सुकलेल्या 0.2 ते 0.3 ग्रॅमवर तीव्र नायट्रिक ॲसिड आणि थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालून बंद भांड्यात मायक्रोवेव्हनं विरघळव आणि आयसीपी-एमएसवर, म्हणजे धातूंचं अगदी सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर, मोज. पारा नळ्यांना चिकटून पुढच्या नमुन्यात उतरतो, त्यासाठी धुण्याच्या द्रवात किंचित सोनं घालतात. आर्सेनिकच्या जागी मिठातला क्लोरीन यंत्रातल्या आर्गॉन वायूशी जुळून खोटा आकडा देतो. शिवाय सागरी प्राण्यांतलं बरंचसं आर्सेनिक आर्सेनोबिटेनच्या रूपात, म्हणजे जवळपास निर्विष असतं. एकूण आर्सेनिकवरून घाबरवणारं वाक्य लिहू नकोस. प्रत्येक फेरीत एक कोरा नमुना (ऊतीशिवाय नुसतं ॲसिड) आणि कॅनडाचं डॉगफिशच्या (छोट्या शार्कच्या) यकृताचं प्रमाणित द्रव्य, म्हणजे ज्यातलं धातूंचं प्रमाण आधीच ठाऊक आहे असं, चालव. त्याचा आकडा ठाऊक असलेल्या आकड्याच्या 90 ते 110 टक्क्यांत आला नाही, तर ती फेरी रद्द.

ओलं वजन की कोरडं, हे प्रत्येक तक्त्यावर लिही. फ्लोरिडात किनाऱ्याला लागलेल्या बॉटलनोज डॉल्फिनच्या अभ्यासात यकृतात दर ग्रॅममागे 60 मायक्रोग्रॅमच्या वर पारा असलेल्यांत यकृताचे विकार जास्त दिसले. हा आकडा ओल्या वजनावरचा आहे. यकृतात 72 टक्के पाणी धरलं तर कोरड्यावर तोच 214 होतो. तुझा कोरड्यावरचा 90 त्या 60 शेजारी ठेवलास, तर निरोगी जनावराला आजारी ठरवशील. सोबत सेलेनियमही मोज आणि मोलमध्ये, म्हणजे वजनाऐवजी अणूंच्या संख्येत, ताडून बघ: 60 मायक्रोग्रॅम पाऱ्याला बांधायला साधारण 24 मायक्रोग्रॅम सेलेनियम लागतं. सेलेनियम त्याहून बरंच कमी पडलं, तर ती काळजीची खूण.

आता नमुन्यांची संख्या. प्रश्न असा मांड: आजारानं मेलेल्यांत धातू जास्त आहे का, जाळ्यात अडकून मेलेल्या धडधाकट जनावरांपेक्षा? इंग्लंड आणि वेल्समधल्या हार्बर पॉर्पॉइजवर अशीच तुलना झाली आणि संसर्गानं मेलेल्यांत यकृतातला पारा जास्त निघाला. म्हणजे जाळ्याच्या खुणा, श्वासनळीतला फेस, जठरात ताजी मासळी आणि जाड चरबी असलेला गादा तुझ्यासाठी आजारी जनावराइतकाच मोलाचा आहे. दोन्ही गटांत एकाच वयाचे, एकाच जातीचे दहा-बारा मिळाले तरी सुरुवात होईल. त्याला दोन-तीन पावसाळे जातील, तेवढी तयारी ठेव.

लेबल पेन्सिलीनं लिही, एक डबीच्या बाहेर आणि एक पिशवीच्या आत. फॉर्मॅलिननं पेनची शाई पुसली जाते.

तुझा,
मार्गदर्शक