पुनःसंयोग 50 टक्क्यांपुढे जात नाही, मग नकाशावर 57.6 कुठून आलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन जनुकांमधल्या पुनःसंयोगाचं (म्हणजे संततीत त्यांच्या नव्या जोड्या दिसण्याचं) प्रमाण 50 टक्क्यांपुढे जात नाही असं शिकवतात, मग फळमाशीच्या नकाशावर 57.6 हा आकडा कसा? शंका रास्त आहे. मी विद्यार्थ्यांना हा विषय समजावताना व्याख्या बाजूला ठेवतो आणि थेट त्या नकाशाचे आकडेच मांडतो.

1911 साली कोलंबिया विद्यापीठात जनुकशास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गनच्या हाताखाली आल्फ्रेड स्टर्टेव्हंट शिकत होता. तेव्हा तो पदवीचा विद्यार्थीच होता. एका रात्री अभ्यासाला दांडी मारून त्याने माश्यांच्या एक्स गुणसूत्राचा नकाशा काढला, तो 1913 मध्ये छापून आला. कल्पना साधी होती: जनुकं एकमेकांपासून जितकी लांब, तितकी त्यांच्यामध्ये क्रॉसिंग ओव्हर, म्हणजे जोडीच्या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल, होण्याची शक्यता जास्त. पिवळं शरीर आणि पांढरे डोळे यांच्या जनुकांत पुनःसंयोग 1.0 टक्का. पांढरे आणि शेंदरी डोळे यांच्यात 29.7. शेंदरी डोळे आणि खुरटे पंख यांच्यात 26.9. बेरीज करा, 57.6.

पण पिवळं शरीर आणि खुरटे पंख ही दोन टोकं थेट मोजली तेव्हा आलं फक्त 37.6. मधले वीस टक्के गेले कुठे? त्या टप्प्यात दोनदा अदलाबदल झाली, की टोकांची जनुकं पुन्हा मूळच्याच जोडीत येतात, आणि मोजणाऱ्याला काही घडलंच नाही असं वाटतं. म्हणून नकाशावरचा आकडा थेट मोजलेला नसतो, छोट्या छोट्या अंतरांची ती बेरीज असते. बेरजेला 50 ची मर्यादा नाही.

आता 50 ची मर्यादा का, ते. बरेच जण याचं सगळं खापर दुहेरी क्रॉसिंग ओव्हरवर फोडतात, ते अर्धवट आहे. अर्धसूत्री विभाजनात (बीजपेशी तयार करणाऱ्या विभाजनात) अदलाबदल होते तेव्हा क्रोमॅटिड, म्हणजे गुणसूत्रांच्या जोडीतल्या प्रती, चार असतात आणि एका वेळी त्यातले दोनच गुंततात. प्रत्येक पेशीत अगदी नेमाने एक अदलाबदल झाली, तरी चारपैकी दोनच क्रोमॅटिड नवीन जोडीचे निघतील. म्हणजे निम्मे. अदलाबदली वाढल्या तरी सरासरी निम्म्यावरच राहते. त्यामुळे एकाच गुणसूत्रावरची पण फार लांबची जनुकं मेंडेलच्या स्वतंत्र जनुकांसारखीच वागताना दिसतात.

आणखी एक, कारण परीक्षेत इथे हमखास घोळ होतो: सेंटिमॉर्गन, म्हणजे नकाशावरच्या या अंतराचं एकक (1 टक्का पुनःसंयोग म्हणजे 1), हे मोजपट्टीने मोजायचं अंतर नव्हे. गुणसूत्राच्या काही भागांत अदलाबदल जास्त होते, काही भागांत फार कमी. नर फळमाशीत तर ती जवळपास होतच नाही. म्हणून गणितात परीक्षण संकर (संकरित पालकाचा अप्रभावी गुणांच्या पालकाशी संकर) दिला असेल, तर संकरित पालक मादी आहे की नर, हे आधी बघा. नर असेल तर दोन जनुकं एकाच गुणसूत्रावर कितीही लांब असली तरी पुनःसंयोग शून्यच धरायचा.